आजोबांसकट सामान

भाऊजींना ताईंच्या ऑफिसात लागून बरेच दिवस झाले होते, आणि अजून त्यांना कोणी काम सांगितलं नव्हतं.

ताई म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण. लोकांची घरं इथून तिथे हलवून द्यायची, हा त्यांचा धंदा. दोन टेम्पो, थोडे हमाल, एक फोन आणि स्वतः ताई एवढ्यावर तो चालायचा, आणि त्यात सगळ्यात जास्त ताईच चालायच्या. फोन खांद्याला लावून, तोंडात पिना धरून केस बांधत त्या ऑफिसात शिरायच्या आणि शिरता शिरताच कोणालातरी "कपाट उभं नको, आडवं न्या" असं ओरडून सांगायच्या. जेवणाचा डबा त्या बहुतेक टेम्पोतच उघडायच्या आणि पुष्कळदा तसाच बंद करायच्या.

भाऊजींनी ज्या कंपनीत केस पांढरे केले ती बंद पडली तेव्हा बायकोनं ताईंकडे शब्द टाकला. ताई लगेच हो म्हणाल्या. पण हो म्हटल्यावर अडचण लक्षात आली. बहिणीच्या नवऱ्याला "ते खोकं उचला" कसं म्हणायचं? "फोन का नाही घेतला?" म्हणून झापायचं कसं? तेव्हा ताईंनी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बसा निवांत. बाकी मी बघते." ताई भाऊजी म्हणतात म्हणून हमालही भाऊजी म्हणू लागले. मग गिऱ्हाइकंही म्हणू लागली. बघता बघता ते सगळ्या गल्लीचे भाऊजी झाले आणि त्यामुळे त्यांना काम सांगणं कोणालाच प्रशस्त वाटेना.

भाऊजींनी तेही सोसलं असतं. पण एकदा ताई त्यांच्या बायकोशी फोनवर बोलत असताना त्यांच्या कानावर पडलं, "अगं, राहू दे त्यांना. त्यांचा काही त्रास नाही."

एखाद्या जुन्या कपाटाबद्दल बोलावं तसं ते वाक्य होतं. भाऊजींना त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आता जी पहिली संधी येईल ती धरायची, आणि ताईंना दाखवून द्यायचं की आपला उपयोग आहे.

संधी दुसऱ्याच दिवशी आली.

ताई सकाळीच मोठा टेम्पो आणि निम्मी माणसं घेऊन एक पियानो उतरवायला गेल्या होत्या. दुसरा टेम्पो दाराशी उभा होता. त्याचा ड्रायव्हर मास्तर आणि पैलवान म्हणून ओळखला जाणारा एक काटकुळा हमाल, आणखी दोघांबरोबर पायरीवर बसून होते. ताई दुपारी परत आल्या की सगळ्यांनी मिळून एका दाताच्या डॉक्टरीणबाईंचं घर हलवायला जायचं, असा बेत होता. नव्या घराची किल्ली डॉक्टरीणबाईंनी आधीच ऑफिसात आणून दिली होती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. मागून ड्रिलचा आवाज येत होता.

"अहो, जरा लवकर नाही का जमणार? मी दवाखान्यात आहे, पण घरी बाबा आहेत. त्यांना सांगून ठेवलंय. तिसरा मजला, जिना चढलं की उजव्या हाताला."

"जमणार म्हणजे काय, निघालोच!" भाऊजी म्हणाले आणि फोन ठेवून उभे राहिले. आपण उभे राहिलो की खुर्ची केवढा आवाज करते, हे त्यांना त्या दिवशीच कळलं.

"ताईंना विचारायचं का?" पैलवाननं विचारलं.

"ताई या घटकेला पियानोखाली असतील. त्यांना कशाला त्रास? त्या येईपर्यंत आपण काम उरकून टाकू. चला."

पैलवाननं मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं खांदे उडवले. भाऊजींना नाही कोण म्हणणार?

ती इमारत जुनी होती. लिफ्ट नव्हती, जिना अरुंद होता आणि कठड्याला हात लावला की हाताला गंज लागायचा. भाऊजी सगळ्यांच्या पुढे, शर्टाच्या बाह्या सरसावून चढत होते. एका दारापाशी ते थांबले.

"हेच."

"भाऊजी, हा दुसरा मजला झाला," पैलवान म्हणाला.

"दुसरा कसा? तळमजला धरलास का?"

"तळमजला धरत नाहीत."

"का? तिथे माणसं राहत नाहीत?" भाऊजींनी विचारलं. पैलवानला याचं उत्तर सुचलं नाही. कंपनीत भाऊजींच्या हाताखाली जे लोक होते त्यांनाही अशा प्रश्नांची उत्तरं कधी सुचली नव्हती.

दारावरची नावाची पाटी काढलेली होती. चार खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. घर सोडून जाणारी माणसं पाटी काढणारच, असं म्हणून भाऊजींनी उघड्याच दारावर टकटक केलं.

आत आरामखुर्चीत एक आजोबा बसले होते. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून कोपऱ्यात लावून ठेवलेल्या होत्या. शोकेसवर चादर टाकलेली होती.

"आलात का!" आजोबा खूश होऊन म्हणाले. "सून म्हणालीच होती, माणसं येतील म्हणून. या, या."

डॉक्टरीणबाई ज्यांना बाबा म्हणाल्या ते त्यांचे सासरे आहेत तर, असं भाऊजींनी मनात जुळवलं. सासऱ्यांनाही सुना बाबाच म्हणतात. त्यात संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं.

पण ही सून डॉक्टरीणबाई नव्हती. ती एका कचेरीत नोकरीला होती, आणि ती ज्या माणसांबद्दल सांगून गेली होती ते रंगारी होते.

"सगळं बाहेर काढणार ना?" आजोबांनी विचारलं.

"सगळं. एक चमचा मागे ठेवणार नाही."

"फार बरं होईल. मागच्या खेपेला त्या लोकांनी सगळं मधोमध रचलं आणि वरून चादर टाकली. माझी कवळी त्या ढिगात अडकून पडली. आठवडाभर पेजेवर होतो मी."

"असल्या लोकांना काम द्यायचंच कशाला?" भाऊजी म्हणाले.

"आणि रंग तेवढा फिका असू दे. गडद रंगाचं मला दडपण येतं."

भाऊजींनी नवं घर पाहिलेलं नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून ते म्हणाले, "फिकाच आहे आजोबा. अगदी फिका."

मग त्यांनी घरावर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला. एकही खोकं भरलेलं नव्हतं! भांडी फडताळात, कपडे कपाटात, उशा पलंगावर. "शिकलेली माणसं, पण शिस्त बघा," ते पैलवानला म्हणाले. खरं तर त्यांना आनंदच झाला होता. ताईंना हे कळेल तेव्हा काय वाटेल! गिऱ्हाइकाची काहीही तयारी नसताना भाऊजींनी एकहाती घर भरून काढलं. त्यांनी टेम्पोतली रिकामी खोकी वर आणवली आणि स्वतः स्वयंपाकघरात शिरले. कपबशा त्यांनी सुनेच्या साड्यांत गुंडाळल्या. मसाल्यांच्या बरण्या एकमेकींना बांधल्या. घामानं त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

अर्धं घर उतरवून झालं तेव्हा वरच्या मजल्याच्या कठड्यावरून एका गृहस्थांनी डोकावून पाहिलं.

"अरे वा, खालचेही निघाले का?"

"निघाले ना," भाऊजी म्हणाले.

"आमचंही आजच आहे. पण आमची माणसं अजून उगवली नाहीत. मुलगी म्हणाली, लवकर यायला सांगते. मी केव्हाचा खोक्यावर बसून आहे. खुर्च्यासुद्धा बांधून ठेवल्या."

भाऊजींना त्यांची दया आली. "कोणाला दिलंय काम?"

"कोणी बाई आहेत म्हणे."

"तुम्हाला सांगतो, राग मानू नका. या धंद्यात हल्ली कोणीही उतरतं. वेळेची किंमत नाही, गिऱ्हाइकाची कदर नाही. आता आमचंच बघा. फोन आला आणि आम्ही निघालो." त्यांनी खिशातून ताईंचं कार्ड काढलं, चार पायऱ्या चढून त्या गृहस्थांच्या हातात दिलं. "पुढच्या वेळी आम्हाला सांगा."

"जरूर," ते गृहस्थ म्हणाले. "चष्मा कुठल्यातरी खोक्यात गेलाय, नंतर वाचतो." कार्ड खिशात टाकून ते पुन्हा आपल्या खोक्यावर जाऊन बसले.

शेवटी घरात आजोबा आणि त्यांच्या खालची खुर्ची एवढंच राहिलं.

"खुर्ची न्यायचीय का?" आजोबांनी विचारलं.

"हो."

"मग मी कुठे बसू?"

"तुम्हाला सोडून कसं जाऊ आजोबा? तुम्हीही चला आमच्याबरोबर."

"मी? खाली? अहो, गुडघ्यांनी राम म्हटल्यापासून मी हा उंबरठा ओलांडलेला नाही. डॉक्टरला सुद्धा इथेच बोलावतात."

"त्यात काय! पैलवान, आजोबांना खुर्चीसकट उचला."

पैलवाननं आणि दुसऱ्या एका हमालानं खुर्ची उचलली. आजोबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले, पहिल्या वळणावर एक डोळा उघडला आणि दुसऱ्या वळणावर दोन्ही. रस्त्यावर आल्यावर त्यांनी नाक वर करून हवेचा वास घेतला. "पेट्रोल," ते समाधानानं म्हणाले.

टेम्पोत त्यांना पुढे बसवलं. वाटेत त्यांनी मास्तरला दोनदा गाडी हळू घ्यायला लावली. एका चौकात आपला न्हावी होता तिथे आता मोबाइलचं दुकान पाहून ते हळहळले, आणि सिग्नलला थांबलेल्या एका स्कूटरवाल्याला त्यांनी उगाचच हात केला. त्यानंही केला. घराला रंग देण्यासाठी घरातल्या माणसालाही फिरवून आणतात, ही पद्धत त्यांना नवी होती, पण फार आवडली.

नव्या घरात भाऊजींनी कमाल केली. ते तळमजल्यावर होतं, त्यामुळे सामान भराभर आत आलं. नुसतं सामान टाकून जाणाऱ्यांतले ते नव्हते. पलंग लावला, त्यावर चादर घातली, फडताळात भांडी मांडली. कोपऱ्यातल्या तसबिरी आणल्या होत्या, त्याही भिंतीवर टांगल्या. आजोबांच्या लग्नाचा फोटो दाराच्या अगदी समोर लावला. खिडकीपाशी आरामखुर्ची ठेवून आजोबांना बसवलं. त्यांना बसल्या बसल्या रस्ता दिसत होता. येणारी-जाणारी माणसं बघता बघता त्यांना डुलकी लागली.

भाऊजी कमरेवर हात ठेवून हे सगळं पाहत होते तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. भिंतीपासून सुरुवात करून त्यांची नजर पलंग, शोकेस, फडताळ अशी फिरत खुर्चीवर येऊन थांबली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आवडलं ना? बदल हवा असेल तर सांगा. शोकेस त्या भिंतीला गेलं तरी चालेल."

"हे कोणाचं शोकेस आहे?"

"तुमचं."

"आणि हे?" त्यांनी खुर्चीकडे बोट केलं.

"तुमचे बाबा."

डॉक्टरीणबाई खुर्चीजवळ गेल्या, वाकून आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सवयीनं दातही पाहिले. "हे माझे बाबा नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांचे सगळे दात शाबूत आहेत."

याचा अर्थ भाऊजींना कळायच्या आत डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला.

"अगं, ती माणसं आलीच नाहीत! पण ते राहू दे. आपल्या खालच्यांकडे चोरी झाली! भरदिवसा! घर धुऊन नेलं गं, काही ठेवलं नाही. आणि आजोबांनाही नेलं!"

"बाबा—"

"मी चोराला पाहिलंय! माझ्याशी बोलला तो. चांगला शिकलेला वाटत होता. मला त्यानं कार्डसुद्धा दिलं. आत्ता हवालदारांना दिलं मी ते."

डॉक्टरीणबाईंनी सावकाश मान वळवून भाऊजींकडे पाहिलं. पैलवाननं छताकडे पाहिलं. भाऊजींना वाटलं, आता या खोक्यांतलं एखादं मोठंसं खोकं घ्यावं, त्यात बसावं आणि वरून चिकटपट्टी लावून घ्यावी.

आजोबा आवाजानं जागे झाले. "झाला का रंग देऊन?" त्यांनी विचारलं. "खोली ओळखूच येत नाही."

ताई आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर पियानोची धूळ होती. ऑफिसात पाऊल टाकलं आणि हवालदाराचा फोन आला, तशाच त्या निघाल्या होत्या. भाऊजींना वाटलं, आता ओरडतील. त्यांची तशी इच्छाच होती. पण ताईंनी एकदा भिंतीवरच्या तसबिरींकडे पाहिलं, एकदा मांडलेल्या भांड्यांकडे, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही टेम्पोत बसा."

त्यांनी ओरडायला हवं होतं.

इमारतीत सगळे जिन्यावर जमले होते. टेम्पोतून आजोबांची खुर्ची उतरली तशी सून रडत पुढे धावली. "बाबा, कुठे नेलं होतं तुम्हाला? काही केलं तर नाही ना त्यांनी?"

"खिडकीत बसवलं," आजोबा म्हणाले. "माणसं फार चांगली आहेत. यांनाच दे पुढच्या वेळी काम."

सुनेच्या मागे रंगानं माखलेले दोन जण भिंतीला पाठ लावून उभे होते आणि हवालदार त्यांच्यावर नजर ठेवून होता. ते खरे रंगारी. ते दुपारी आले तेव्हा घर उघडं आणि रिकामं. इतकी सोय करून देणारं गिऱ्हाईक त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. त्यांनी उत्साहानं सगळं घर एका दमात रंगवून काढलं, आणि शेवटचा हात मारत असताना सून घरी आली. सामान कुठे आहे, असं तिनं विचारलं, तेव्हा "कसलं सामान?" असं ते म्हणाले. त्यानंतर त्यांना बोलायला मिळालं नव्हतं.

"हाच तो!" वरून आवाज आला. डॉक्टरीणबाईंचे बाबा कठड्यावरून बोट दाखवत होते. "यानंच मला सांगितलं, या धंद्यात कोणीही उतरतं म्हणून!"

भाऊजींनी बोलायला तोंड उघडलं, पण ताई पुढे झाल्या. त्यांनी सुनेला हात जोडले, हवालदाराला जोडले, रंगाऱ्यांना जोडले आणि मान वर करून बाबांनाही जोडले. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "माणूस नवा आहे. मी त्यांना नीट सांगायला हवं होतं. आजच्या आज तुमचं घर हलवते, आणि यांचं सामान भिंती वाळल्या की मी स्वतः लावून देते."

त्या जोडलेल्या हातांकडे भाऊजींना बघवेना. दिवसभर उभं राहून आलेली बाई होती ती. पियानोच्या दोरानं तिच्या तळहाताला वळ उठले होते आणि ते वळ भाऊजींसाठी सगळ्या जिन्याला दिसत होते. चूक माझी आहे, हे वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलं होतं. पण गर्दीतल्या कोणीतरी म्हटलं, "घरातलाच माणूस असणार. परका असता तर हाकलला असता," आणि ते वाक्य तिथेच अडकलं.

बाबांचं घर त्याच संध्याकाळी हललं. त्यासाठी आधी आजोबांचं सगळं सामान नव्या घरातून पुन्हा टेम्पोत चढवावं लागलं. भाऊजींनी एकही शब्द न बोलता खोकी वाहिली, आणि पहिल्यांदाच त्यांना कोणी "तुम्ही बसा" म्हणालं नाही. बाबा प्रत्येक खोक्यामागे "हे आमचंच आहे ना, बघा बरं" असं विचारत होते, आणि प्रत्येक वेळी भाऊजी खाली मान घालून "हो, तुमचंच" म्हणत होते.

ते घरी पोहोचले तेव्हा बायको दारातच होती. तिचा चेहरा पाहूनच त्यांना कळलं.

"ताईंनी सांगितलं?"

"ताई कशाला सांगेल? शेजारच्या काकू संध्याकाळी त्यांच्याच दवाखान्यात दाढ काढायला गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई पेशंटचं तोंड उघडं ठेवून सगळं सांगत होत्या. काकूंना हसताही येईना आणि मिटताही येईना." ती दारातून बाजूला झाली. "म्हाताऱ्या माणसालाही उचललंत? अहो, निदान तुम्ही कोणाचे कोण, एवढं तरी विचारायचं त्याला..."

"मला वाटलं, माझा उपयोग होतोय," भाऊजी म्हणाले.

बायकोनं ताट वाढलं आणि जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी ऑफिसात गेले ते ताईंच्या टेबलासमोर उभेच राहिले.

"काल मी बोलायला हवं होतं. चूक माझी होती. पैलवाननं मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही. आणि तुम्ही ती अंगावर घेतलीत, तर मी घेऊ दिली."

ताईंनी फोन खाली ठेवला. "घेऊ दिलीत खरी," त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि फोन कोणाला विचारून वाऱ्यावर सोडलात? तीन गिऱ्हाइकं गेली माझी काल! साड्यांत कपबशा गुंडाळल्यात? त्या बाईंच्या चांगल्या साडीला चहाचा डाग पडलाय! कार्ड वाटत सुटता? अक्कल आहे का जरा?"

दारात पैलवान श्वास रोखून उभा होता. भाऊजी मात्र खाली मान घालून ऐकत होते, आणि लाजेनं कान गरम झालेले असतानाच त्यांच्या छातीवरचं काहीतरी हलकं होत चाललं होतं.

"आता उभे काय राहिलात?" ताई म्हणाल्या. "ती साडी घेऊन या आणि धुवायला टाका."

त्यानंतर ते फोन घेऊ लागले, खोकी मोजू लागले, आणि कुठेही जायचं झालं की आधी ताईंना विचारू लागले. इतकं विचारू लागले की ताई वैतागल्या. असेच एकदा फोन घेतला तर पलीकडे आजोबांची सून. भाऊजी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. "डाग गेला नाही का?" त्यांनी विचारलं.

"डागाचं नाही हो." ती अडखळत होती. "बाबांचं. त्या दिवसापासून सारखं चाललंय. रस्ता दाखवा, रस्ता दाखवा. जेवताना रुसून बसतात. आमचे हे बाहेरगावी असतात, मला एकटीला उचलवत नाही. तुमची ती माणसं... रविवारी येतील का? घर राहू दे. फक्त बाबांना न्यायचं. आणि परत आणायचं," तिनं घाईनं जोडलं. "परत आणायचं मात्र नक्की."

भाऊजींनी ताईंना विचारलं. ताईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "जा. तुम्हीच जा."

रविवारी ते आणि पैलवान त्या जिन्यानं चढू लागले तशी एकेक दार किलकिलं झालं. तळमजल्यावरच्या बाईंनी बाहेर वाळत घातलेली सतरंजी ओढून आत घेतली. पहिल्या मजल्यावर कोणीतरी आतून म्हणालं, "अगं, आजीला आत घे, तो आलाय." भाऊजींची मान इतकी खाली गेली की त्यांना फक्त पायऱ्या दिसत होत्या. आजोबा मात्र बूट घालून, भांग पाडून तयार होते.

त्यांनी आजोबांना कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत नेलं आणि झाडाखाली खुर्ची टेकवली. थोड्याच वेळात काठी टेकत आजोबांचे एक जुने स्नेही आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि स्नेह्यांनी काठी बगलेत धरून आजोबांचे दोन्ही हात हातात घेतले.

"मला वाटलं, तू गेलास," स्नेही म्हणाले.

"वरच होतो," आजोबा म्हणाले.

मग स्नेह्यांनी भाऊजींकडे पाहिलं. "हे कोण? मुलगा का?"

"छे! यांनीच तर मला पळवलं होतं," आजोबा इतक्या अभिमानानं म्हणाले की बाकावर बसलेल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. भाऊजींचे कान लाल झाले. आता खुलासा करावा की नुसतं निघून जावं, हे त्यांना ठरवता येईना.

स्नेही मात्र काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझी थोरली बहीण आहे हो. चौथ्या मजल्यावर असते. किती वर्षं झाली, फक्त फोनवर बोलतो आम्ही. तिला कधी पळवाल?"

पैलवाननं भाऊजींकडे पाहिलं आणि मग तोच म्हणाला, "मंगळवारी मोकळे आहोत. फक्त ताईंना विचारून सांगतो."